आकाशाचे गणित मांडणारे भास्कराचार्य : बीडशी नाते सांगणारी एक जीवनकथा

बीड जिल्ह्याचे नाव घेतले की बालाघाटचे उघडे डोंगर, पावसाची वाट पाहणारी शेते आणि दिवाळीच्या सुमारास कोयते घेऊन साखर कारखान्यांकडे निघणाऱ्या ऊसतोड कामगारांच्या टोळ्या आपल्या नजरेसमोर उभ्या राहतात. परंतु याच बीडचे नाव जगाच्या गणितशास्त्राच्या आणि खगोलशास्त्राच्या इतिहासात एका थोर आचार्यांशी जोडले जाते, ही गोष्ट आपल्यापैकी अनेकांना ठाऊक नसते. हे आचार्य म्हणजे भास्कराचार्य. पृथ्वी, चंद्र आणि ग्रह यांविषयी आज आपली मुले पाठ्यपुस्तकात जे प्राथमिक धडे शिकतात, त्यांतील कितीतरी धडे या पुरुषाने सुमारे नऊशे वर्षांपूर्वी याच मराठी मुलुखात लिहून ठेवले. त्यांच्या जीवनाची आणि कार्याची ओळख वाचकांना, विशेषतः आमच्या विद्यार्थी वाचकांना, करून द्यावी या हेतूने आम्ही हा लेख लिहीत आहोत.

जन्म आणि जन्मस्थानाचा प्रश्न

प्राचीन भारतातील बहुतेक विद्वानांनी स्वतःविषयी फारसे लिहून ठेवलेले नाही. भास्कराचार्य याला अपवाद आहेत. आपला जन्म शके १०३६ मध्ये, म्हणजे इ.स. १११४ मध्ये झाला आणि वयाच्या छत्तिसाव्या वर्षी आपण सिद्धान्तशिरोमणी हा ग्रंथ रचला, असे त्यांनी स्वतःच नोंदवले आहे. आपले गोत्र शांडिल्य, पिता व गुरू महेश्वर आणि गाव सह्य पर्वताच्या आश्रयाने वसलेले विज्जडविड, हेही त्यांनी सांगितले आहे.

हे विज्जडविड नेमके कोठे, याविषयी अभ्यासकांत एकमत नाही. नावातील साम्यामुळे काही अभ्यासक ते आजचे बीड होय असे मानतात. बीडच्या दक्षिणेस पसरलेली बालाघाटची रांग ही सह्याद्रीचीच शाखा आहे, याकडेही ते लक्ष वेधतात. दुसरे काही अभ्यासक जळगाव जिल्ह्यातील चाळीसगावजवळच्या पाटण परिसराकडे बोट दाखवतात, कारण भास्कराचार्यांच्या घराण्याचा शिलालेख तेथे सापडला आहे. आणखी काहींनी कर्नाटकातील विजापूरचे नाव पुढे केले आहे. बीडच्या बाजूने नावाचा पुरावा आहे, पाटणच्या बाजूने दगडावर कोरलेला पुरावा आहे. परंतु पाटणचा शिलालेख तेथील पाठशाळेविषयी सांगतो, जन्मगावाविषयी नव्हे. म्हणून बीडकरांनी या नावाचा अभिमान जरूर बाळगावा, परंतु सिद्ध न झालेली गोष्ट सिद्ध झाली असे सांगू नये. ज्या पुरुषाने आयुष्यभर पुराव्यावाचून काही स्वीकारू नये असे शिकवले, त्याचा सन्मान याच मार्गाने होईल.

एक गोष्ट मात्र निश्चित आहे. बाराव्या शतकातील हा प्रदेश विद्येच्या बाबतीत ओसाड नव्हता. बीड जिल्ह्यातीलच अंबाजोगाई येथे मराठीचे आद्यकवी मानल्या जाणाऱ्या मुकुंदराजांची समाधी आहे आणि परंपरेनुसार त्यांचा विवेकसिंधू हा ग्रंथ शके १११० मधला, म्हणजे भास्कराचार्यांच्या उत्तरायुष्याच्या जवळचाच आहे.

नऊ पिढ्यांची विद्या

पाटणच्या शिलालेखात या घराण्याची वंशावळ दिलेली आहे. त्रिविक्रम, त्यांचे पुत्र भास्करभट्ट, पुढे गोविंद, प्रभाकर, मनोरथ, महेश्वर आणि मग आपले भास्कराचार्य. भास्करभट्टांना धारानगरीच्या भोजराजाने विद्यापती ही पदवी दिली होती. भास्कराचार्यांचे पुत्र लक्ष्मीधर हे यादव राजा जैत्रपाल याच्या दरबारी होते, तर नातू चांगदेव हे सिंघण राजाचे प्रमुख ज्योतिषी होते. अशा नऊ पिढ्या एकाच घरात विद्येचा दिवा तेवत राहिला. भास्कराचार्यांना अन्य कोणाकडे जावे लागले नाही. वडिलांच्या पुढ्यात बसूनच ते आकाश वाचायला शिकले.

इ.स. ११५० मध्ये त्यांनी पूर्ण केलेल्या सिद्धान्तशिरोमणी या ग्रंथाचे चार भाग आहेत. लीलावती हा अंकगणित व भूमिती यांचा भाग, बीजगणित हा अव्यक्त राशींचा भाग, ग्रहगणित हा ग्रहांच्या गतीचा भाग आणि गोलाध्याय हा पृथ्वी व आकाश यांच्या रचनेचा भाग. ग्रंथ कठीण वाटू नये म्हणून त्यावर वासनाभाष्य नावाची टीकाही त्यांनी स्वतःच लिहिली. पुढे शके ११०५ मध्ये, म्हणजे इ.स. ११८३ मध्ये, वयाच्या एकोणसत्तराव्या वर्षी त्यांनी पंचांगकर्त्यांसाठी करणकुतूहल हा सोपा ग्रंथ रचला. उतारवयातही त्यांचा शिक्षकाचा पिंड कायम होता, याची ही साक्ष होय.

निराधार पृथ्वी

गोलाध्यायात भास्कराचार्य प्रथम पृथ्वीचा प्रश्न हाती घेतात. पृथ्वी सपाट असून शेष, कूर्म किंवा हत्ती यांनी ती उचलून धरली आहे, अशा कथा लोकांत रूढ होत्या. भास्कराचार्यांनी त्यांची थट्टा केली नाही; त्यांनी प्रश्न विचारला. पृथ्वीला आधार हवा असेल, तर त्या आधाराला दुसरा आधार हवा, त्याला तिसरा, आणि ही साखळी कोठेच संपणार नाही. शेवटी कोणीतरी स्वतःच्या सामर्थ्यावर उभा आहे असे मानावेच लागते. मग ते सामर्थ्य पहिल्यांदाच पृथ्वीकडे आहे असे मानायला हरकत कोणती? पृथ्वीच्या ठायी आकर्षणाची शक्ती आहे, तिच्यामुळे आकाशातील जड वस्तू तिच्याकडे ओढली जाते आणि आपल्याला ती पडताना दिसते. पृथ्वीच्या सभोवती सर्वत्र सारखेच आकाश आहे. तेव्हा ती स्वतः पडणार तरी कोठे, असा त्यांचा युक्तिवाद आहे.

येथेही आम्हांला एक सावधगिरी बाळगावीशी वाटते. न्यूटनच्या आधी कित्येक शतके भारतात गुरुत्वाकर्षणाचा नियम सापडला होता, असे उत्साहाच्या भरात सांगितले जाते. आकर्षणाची कल्पना भास्कराचार्यांनी स्पष्ट मांडली, हे खरे. परंतु दोन वस्तूंमधील ओढ त्यांच्या वस्तुमानावर आणि अंतरावर कशी अवलंबून असते, हा गणिती नियम न्यूटनने १६८७ मध्ये प्रसिद्ध केला. दोघांचेही मोठेपण आपापल्या जागी आहे.

पृथ्वी गोल असेल तर ती आपल्याला सपाट का दिसते, या विद्यार्थ्यांच्या नेहमीच्या प्रश्नालाही त्यांनी उत्तर दिले आहे. कोणत्याही वर्तुळाच्या परिघाचा शंभरावा भाग सरळ रेषेसारखा दिसतो. माणूस लहान आणि पृथ्वी प्रचंड. त्याच्या नजरेत परिघाचा फारच थोडा अंश येतो. पृथ्वीच्या दुसऱ्या बाजूची माणसे खाली डोके वर पाय अशी लोंबकळत नाहीत का, या शंकेवर ते पाण्याकाठी उभ्या असलेल्या माणसाच्या प्रतिबिंबाचा दाखला देतात. प्रत्येक जण आपण वरच आहोत असे मानतो आणि सगळेच आपापल्या जागी निर्धास्त उभे असतात.

पृथ्वीचे माप कसे घ्यावे, याची रीतही त्यांनी दिली आहे. दक्षिणोत्तर रेषेवरील दोन गावे घ्यावीत, दोन्ही ठिकाणचे अक्षांश मोजावेत, गावांमधील अंतर मोजावे आणि त्रैराशिकाने संपूर्ण परिघ काढावा. उज्जैन हे विषुववृत्तापासून परिघाच्या सोळाव्या भागावर, म्हणजे साडेबावीस अंशांवर आहे, असे त्यांनी सांगितले. आजच्या मोजणीने ते तेवीस अंशांहून किंचित पुढे आहे. बीडचे अक्षांश सुमारे १९ अंश आहेत. एका अंशाला सुमारे १११ किलोमीटर या हिशेबाने बीड विषुववृत्तापासून सुमारे २,१०० किलोमीटरवर येते. रात्री ध्रुवतारा बीडच्या क्षितिजापासून सुमारे १९ अंश उंचीवर दिसतो, याचे कारणही हेच आहे.

चंद्र, ग्रहणे आणि महिने

ग्रहण हा आपल्या समाजात अजूनही भीतीचा विषय आहे. गर्भवती स्त्रियांना ग्रहणकाळी अंधाऱ्या खोलीत बसवण्याची प्रथा खेड्यापाड्यांत आजही आढळते. भास्कराचार्यांनी आपल्या पूर्वसूरींप्रमाणे स्पष्ट सांगितले की, चंद्रग्रहणात चंद्र पृथ्वीच्या सावलीत शिरतो आणि सूर्यग्रहणात चंद्र सूर्याच्या आड येतो. याचा पुरावा कोणालाही डोळ्यांनी पाहता येईल असा आहे. चंद्र पश्चिमेकडून पूर्वेकडे सरकत असल्याने सावलीत त्याची पूर्वेकडील कड प्रथम शिरते. सूर्यग्रहणात मात्र सूर्याची पश्चिमेकडील कड प्रथम झाकली जाते. एकच राहू दोघांना गिळत असता, तर असा फरक पडला नसता. पुराणांचा अनादर होऊ नये म्हणून राहू त्या सावलीतच प्रवेश करतो, अशी तडजोडही त्यांनी सुचवली. परंतु ग्रहणाचे गणित मात्र सावलीवरच उभे केले.

चंद्राच्या पलीकडच्या बाजूस पितर राहतात, ही परंपरागत कल्पना त्यांनी शिकवण्यासाठी मोठ्या कौशल्याने वापरली. त्या पितरांच्या माथ्यावर सूर्य अमावास्येला येतो आणि पौर्णिमेला त्यांची मध्यरात्र असते; म्हणजे त्यांचा एक दिवस व एक रात्र मिळून आपला एक महिना होतो. पितरांचा भाग बाजूला ठेवला, तरी खगोलशास्त्र अचूक आहे. चंद्रावरचा दिवस आपल्या सुमारे पंधरा दिवसांचा असतो. २३ ऑगस्ट २०२३ रोजी चंद्रयान-३ चा विक्रम लँडर चंद्राच्या दक्षिण ध्रुवीय प्रदेशात उतरला, तेव्हा त्याचे काम सुमारे चौदा दिवसांसाठी आखलेले होते, ते याच कारणाने. त्यानंतर तेथे दीर्घ रात्र सुरू होणार होती.

चंद्र सुमारे २७.३ दिवसांत पृथ्वीभोवती एक फेरी पूर्ण करतो, परंतु तेवढ्या काळात पृथ्वीही सूर्याभोवती पुढे सरकलेली असते. त्यामुळे एका पौर्णिमेपासून दुसरी पौर्णिमा यायला सुमारे साडेएकोणतीस दिवस लागतात. असे बारा महिने मिळून ३५४ दिवस होतात आणि सौर वर्षापेक्षा सुमारे अकरा दिवस कमी पडतात. ही तूट भरून काढण्यासाठी अधिक मास येतो, याचे विवेचन गोलाध्यायात आहे. चंद्र आणि सूर्य यांचा असाच मेळ आपल्या ईस्टरच्या तारखेतही घातलेला असतो, आणि म्हणूनच ती दरवर्षी मागेपुढे सरकते.

सौर वर्षाच्या बाबतीत भास्कराचार्यांनी ब्रह्मगुप्ताचे मान स्वीकारले. ते ३६५ दिवस, ६ तास, १२ मिनिटे व ९ सेकंद इतके होते. ताऱ्यांच्या संदर्भाने मोजलेल्या वर्षाचे आजचे मान यापेक्षा सुमारे तीन मिनिटांनीच कमी आहे. दुर्बिणीचा शोध लागण्यापूर्वीची ही गोष्ट आहे, हे ध्यानात घ्यावे.

जेथे अंदाज चुकला

थोर माणसाचे चरित्र लिहिताना त्याच्या मर्यादा झाकण्याचा मोह होतो. तो आम्ही टाळणार आहोत, कारण विद्यार्थ्यांना चुकांमधूनही पुष्कळ शिकता येते. पृथ्वी स्वतःभोवती फिरते, असे आर्यभटाने इ.स. ४९९ मध्येच म्हटले होते. भास्कराचार्यांनी मात्र पृथ्वी स्थिर मानली आणि चंद्र, बुध, शुक्र, सूर्य, मंगळ, गुरू व शनी हे तिच्याभोवती फिरतात असे धरले. सूर्य मध्यभागी ठेवण्याची मांडणी पोलंडमधील फ्राउएनबुर्ग येथील कॅथेड्रलचे कॅनन असलेल्या कोपर्निकस यांच्या ग्रंथातून १५४३ मध्ये जगापुढे आली.

अंतरांच्या बाबतीतही असेच घडले. चंद्राचे अंतर त्यांनी पृथ्वीच्या त्रिज्येच्या सुमारे ६५ पट दिले. ते प्रत्यक्षात सुमारे ६० पट, म्हणजे सरासरी ३,८४,४०० किलोमीटर आहे. हा अंदाज पुष्कळच जवळचा होता. परंतु सूर्याचे अंतर त्यांनी सुमारे ८७० पट धरले, तर प्रत्यक्षात ते सुमारे २३,५०० पट आहे. एवढी तफावत का पडली? सर्व ग्रह एका दिवसात सारखेच अंतर कापतात, असे त्या काळी गृहीत धरले जाई. ज्याची फेरी जितकी लांबणारी, तितका तो दूर, असा सरळ हिशेब होता. वास्तविक दूरचे ग्रह सावकाश चालतात, हे केप्लरने सतराव्या शतकात दाखवले. गणित निर्दोष होते, गृहीतक चुकीचे होते. हा धडा केवळ खगोलशास्त्रापुरता नाही.

मात्र ग्रहांच्या गतीचा विचार करतानाच भास्कराचार्यांनी एक असे पाऊल टाकले, जे त्यांच्या काळाच्या पुष्कळ पुढचे होते. ग्रहाची गती क्षणोक्षणी बदलते. तेव्हा दिवसभराची सरासरी गती पुरेशी नाही, त्या क्षणाची गती हवी, हे त्यांनी ओळखले आणि तात्कालिक गती काढण्याची रीत दिली. पुढे युरोपात ज्याला कलनशास्त्र असे नाव मिळाले, त्यातील एका मूलभूत कल्पनेचे बीज येथे दिसते.

घाण्याच्या तेलावर चाललेली पाठशाळा

भास्कराचार्यांच्या निधनानंतर त्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांच्या ग्रंथांचे अध्यापन व्हावे म्हणून पाटण येथे मठ, म्हणजे पाठशाळा स्थापन केली. यादवांचे मांडलिक असलेल्या निकुंभ घराण्यातील सोइदेव याने शके ११२८ मध्ये श्रावणी पौर्णिमेच्या चंद्रग्रहणप्रसंगी तिला दान दिले. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी प्रकाशात आणलेल्या शिलालेखात हे सर्व कोरलेले आहे. लेख मुख्यतः संस्कृत पद्यात आहे, पण शेवटचा भाग त्या काळच्या मराठीत आहे, आणि आम्हांला तोच सर्वांत मोलाचा वाटतो. पाटणच्या बाजारात विक्रीस येणाऱ्या मालावरील उत्पन्नाचा वाटा आणि गावातील प्रत्येक घाण्यामागे ठरावीक तेल या मठाला मिळावे, असे त्यात म्हटले आहे. राजाचे दान संस्कृतात लिहिले गेले. बाजारकऱ्यांचे आणि तेल्यांचे देणे त्यांना समजेल अशा भाषेत लिहिले गेले.

आकाशाचा अभ्यास चालावा म्हणून तेली आपल्या घाण्याचे तेल देत होता. मात्र त्या काळच्या समाजरचनेत त्या संस्कृत पाठशाळेचे दार त्याच्या मुलांसाठी उघडे नव्हते. विद्या नऊ पिढ्या एका घरात टिकली हे जितके गौरवास्पद आहे, तितकेच ती घराघरांत पोहोचली नाही, हे खेदाचे आहे.

लीलावती आणि कीर्ती

लीलावती ही भास्कराचार्यांची कन्या होती, विवाहमुहूर्त साधण्यासाठी ठेवलेल्या घटिकापात्रात तिच्या अलंकारातील मोती पडला आणि मुहूर्त टळला, ही कथा आपण सर्वांनी ऐकलेली असते. ही कथा अकबराच्या दरबारातील फैझी याने १५८७ मध्ये केलेल्या लीलावतीच्या फारसी भाषांतरात येते; भास्कराचार्यांच्या स्वतःच्या लेखनात तिचा उल्लेख नाही. कथा सुंदर आहे, पण इतिहास म्हणून ती सांगता येत नाही. ग्रंथाची थोरवी त्या कथेवर अवलंबूनही नाही. कोकणातील नांदगावचे गणेश दैवज्ञ यांनी १५४५ मध्ये त्यावर टीका लिहिली, कोलब्रुक यांनी १८१७ मध्ये त्याचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केले आणि भारताने १९७९ व १९८१ मध्ये सोडलेल्या दोन उपग्रहांना भास्कर हे नाव देण्यात आले.

काठी आणि बुद्धी

गोलाध्यायातील यंत्राध्यायात भास्कराचार्यांनी वेध घेण्याची अनेक यंत्रे वर्णिली आहेत. शंकू, घटिकायंत्र, चक्र, चाप, फलकयंत्र अशी ही यादी मोठी आहे. परंतु या सर्वांत श्रेष्ठ यंत्र त्यांनी धीयंत्र, म्हणजे बुद्धीचे यंत्र, हे मानले. हातात एक साधी काठी आणि जागी बुद्धी असेल, तर आकाश, जमीन आणि पाणी यांतील कशाचेही माप घेता येते, असा त्यांचा विश्वास होता.

आज बीड जिल्ह्यातील कितीतरी मुले आईवडिलांबरोबर सहा-सहा महिने उसाच्या फडात राहतात. हंगामी वसतिगृहांमुळे काहींची शाळा वाचते, अनेकांची सुटते. विज्ञानाच्या पुस्तकातील सूर्यमालेचा धडा वर्गात होतो, तेव्हा हे मूल कारखान्याच्या तळावर कोपीत धाकट्या भावंडांना सांभाळत असते. त्याच्या डोक्यावरचे आकाश मात्र शहरातील मुलांच्या आकाशापेक्षा अधिक काळे आणि ताऱ्यांनी अधिक भरलेले असते. त्याला तारे दाखवण्याची गरज नाही. ते काय आहेत हे सांगणारा कोणी हवा आहे.

म्हणून आमच्या शिक्षकांना, धर्मभगिनींना आणि युवक मंडळांना एक सूचना कराविशी वाटते. पृथ्वीचा आस सुमारे साडेतेवीस अंशांनी कललेला असल्यामुळे वर्षातून दोनदा सूर्य भर मध्यान्ही बरोबर बीडच्या माथ्यावर येतो. एकदा मे महिन्याच्या मध्याच्या सुमारास आणि पुन्हा जुलैच्या अखेरीस. जुलैत ढग असतात, पण मे महिन्यात आकाश बहुधा मोकळे असते, आणि तोवर ऊसतोडीचा हंगाम संपून कुटुंबे गावी परतलेली असतात. त्या दिवशी मुलांना अंगणात एकत्र करावे, सपाट जागी एक काठी सरळ उभी रोवावी आणि घड्याळात सव्वाबारा ते साडेबाराच्या दरम्यान तिच्या सावलीकडे लक्ष ठेवावे. सावली आखडत आखडत काठीच्या बुडाशी नाहीशी होईल. मग मुलांना विचारावे की, असे का झाले? आदल्या आठवड्यात असे का होत नव्हते? घड्याळात बारा वाजता सूर्य माथ्यावर का नव्हता? उत्तरे लगेच सांगू नयेत. त्यांना शोधू द्यावीत. या प्रयोगाला खर्च काहीही नाही, आणि घाण्याचे तेल देणाऱ्यांच्या मुलांना आठशे वर्षांपूर्वी न मिळालेली जागा आपल्या अंगणात देणे आपल्या हाती आहे.